दिवा खोटा, की पाणी कमी?

साताऱ्याहून पुसेगावमार्गे औंधला यायचं तर वाटेत वर्धनगडचा घाट लागतो. पौषात यमाईच्या यात्रेला निघालेली, माणसांनी भरलेली एखादी पंधरा-वीस वर्षांची व्हॅन हा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते आणि मध्येच डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. इंजिनाच्या पाण्याचा दिवा. गाडी बाजूला घेतली जाते. वाफ नाही, खाली ओल नाही, रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी खुणेच्या जवळपास आहे. अर्ध्या तासाने गाडी सुरू केली तर दिवा गेलेला असतो. पुढे सपाटीला तो लागत नाही आणि चार दिवसांनी गावातल्याच एका गतिरोधकावर पुन्हा चमकून जातो. मग सल्ले सुरू होतात. एकजण म्हणतो, सेन्सर गेला. दुसरा म्हणतो, हेड गॅस्केट गेलं. तिसरा म्हणतो, जुन्या गाडीत असं चालायचंच, दिव्याची वायर काढून टाका.

पहिल्या सल्ल्यात काही शेकड्यांचा खर्च आहे, दुसऱ्यात हजारोंचा, आणि तिसरा फुकट असला तरी सगळ्यांत महाग पडू शकतो. यातलं खरं काय, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. त्यासाठी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते: दिव्याला पाणी दिसत नाही. त्याला कळतं ते एवढंच की एका तारेतून वीज वाहते आहे किंवा वाहत नाही. पाणी कमी झालं तरी हा बदल होतो, आणि तार तुटली, गंजली, घासली तरी होतो. म्हणून दिवा हा पुरावा नसून साक्ष आहे. साक्ष दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळून घ्यायची असते. मात्र पडताळणी होईपर्यंत ती खरी धरूनच वागायचं असतं.

इंजिनातलं पाणी काय करतं?

इंधनातली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने पेट्रोल इंजिनात तिचा पाव ते एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाच्या धातूत मुरते. ती बाहेर काढण्याचं काम पाण्याचं. पाणी इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरतं, तापतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. ते फिरवायला पंप लागतो, आणि पंप या भागाला नवा नाही. औंध संस्थानाच्या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर आणि पुढे पंप तयार होऊ लागले. विहिरीवरचा तसला पंप या भागातल्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याच तत्त्वावर चालणारा लहानसा पंप इंजिनाला पाणी फिरवतो. गॅरेजमध्ये त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. विहिरीवरच्या पंपात हवा शिरली की तो पाणी सोडतो. मोटर फिरत राहते, पण पाइपातून काही येत नाही. इंजिनातही तसंच होतं. पाणी कमी झालं आणि हवेचा फुगा अडकला की पंप फिरतो, पण पाणी पुढे सरकत नाही.

दुसरी बाब दाबाची. उघड्या भांड्यात पाणी समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. उंचीवर गेलं की दर ३०० मीटरला हा आकडा साधारण एका अंशाने उतरतो. १,३५० मीटरच्या आसपास उंची असलेल्या महाबळेश्वरात पाणी ९६ अंशांच्या सुमारासच उकळू लागतं. इंजिनातलं पाणी नेहमीच्या चालीतही ८५ ते ९५ अंशांवर असतं, म्हणजे उघड्या पातेल्याइतकीच सोय असती तर घाटात ते लगेच उकळलं असतं. ते उकळत नाही याचं श्रेय रेडिएटरच्या झाकणाला. या झाकणातली स्प्रिंग कुकरच्या शिट्टीसारखी दाब धरून ठेवते. बऱ्याच गाड्यांत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारच्या आसपास जास्त असतो आणि तेवढ्यानेच उकळबिंदू सुमारे २० अंशांनी वर जातो. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही. मग बाकी सगळं ठीक असूनही घाटात पाणी उकळतं आणि बाटलीतून बाहेर पडतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब गेल्याक्षणी आतलं पाणी एकदम उसळतं आणि चेहरा, हात भाजतात.

दोन वेगळे साक्षीदार

‘पाण्याचा दिवा’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यामागे दोन अगदी वेगळी उपकरणं असू शकतात. एक तापमान मोजतं, दुसरं पातळी. काही जुन्या व्हॅनमध्ये नुसता तापमानाचा काटा असतो, काहींत काट्याबरोबर लाल दिवा, तर काहींत पातळीसाठी स्वतंत्र दिवा. आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घेणं ही तपासाची पहिली पायरी. तेवढं कळलं नाही तर पुढचे सगळे निष्कर्ष उलटे निघू शकतात.

तापमानाच्या सेन्सरमध्ये एक असा पदार्थ असतो की तो तापेल तशी त्यातून वीज अधिक सहज वाहते. थंड असताना त्याचा विरोध शेकडो ओम किंवा त्याहून जास्त असतो, उकळत्या पाण्याजवळ तो दोन आकडी ओमवर येतो. जुन्या गाड्यांत या सेन्सरला बहुधा एकच वायर असते. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाचा धातू, ज्याला आपण ‘अर्थ’ म्हणतो. यावरून एक उपयोगी गोष्ट निघते. ही वायर तुटली तर काटा थंडवरच पडून राहतो. तीच वायर घासून इंजिनाच्या अंगाला टेकली तर काटा एकदम गरमवर जाऊन चिकटतो आणि दिवा लागतो, मग इंजिन बर्फासारखं थंड का असेना.

पातळीचा सेन्सर वेगळ्या धर्तीचा. एका प्रकारात तरंगणारा फुगा आणि चुंबकावर चालणारा स्विच असतो. दुसऱ्या प्रकारात बाटलीच्या आत धातूच्या दोन काड्या असतात. दोन्ही काड्या पाण्यात बुडालेल्या असल्या की त्यांच्यामधून पाण्यातूनच सूक्ष्म वीज वाहते. पाणी खाली गेलं की ती थांबते आणि दिवा लागतो. घरावरच्या टाकीत पाणी भरलं की मोटर आपोआप बंद करणारी जी वायर सोडलेली असते, तिचं तत्त्व हेच. काड्यांच्या या सेन्सरमध्ये मात्र वायर तुटली तरी दिवा लागतो, कारण तुटलेली वायर आणि रिकामी बाटली यांतला फरक त्या यंत्रणेला कळत नाही. म्हणजे तीच तुटलेली वायर एका प्रकारात धोका लपवते आणि दुसऱ्यात खोटा धोका दाखवते.

दिवा कधी लागतो, हे आधी नोंदवा

हत्यार हातात घेण्याआधी एक वही घ्यावी. दिवा कोणत्या वेळी लागला, गाडी तेव्हा काय करत होती, काटा कुठे होता, हे पाच-सहा वेळा लिहून ठेवलं तर निम्मा तपास होतो. कारण पाण्याचे दोष आणि विजेचे दोष वेगवेगळ्या प्रसंगी डोकं वर काढतात. इंजिनात खरोखर उष्णता साठत असेल तर दिवा चढाला, भर दुपारी, गाडी भरलेली असताना किंवा गर्दीत थांबून राहिल्यावर लागतो, त्याआधी काटा हळूहळू वर सरकलेला असतो, आणि इंजिन निवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दिवा जायला लागतो. व्हॅनच्या इंजिनाचं वजन कमी नसतं. एवढा धातू सेकंदात तापत नाही आणि सेकंदात निवतही नाही. म्हणून काटा झटक्यात टोकाला गेला आणि झटक्यात परत आला तर संशय वायरवर घ्यावा.

विजेचा दोष खड्ड्यात, गतिरोधकावर, पावसात किंवा गाडी धुतल्यावर दिसतो. हेडलाइट किंवा वायपर लावल्याबरोबर काटा हलत असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी सैल किंवा गंजलेली असण्याची शक्यता मोठी. दिव्यांची वीज नीट परतू शकत नाही म्हणून ती सेन्सरच्या वाटेत लुडबुड करते. पाण्याच्या काट्याबरोबर पेट्रोलचा काटाही विनाकारण वर चढत असेल तर दोष दोन्ही काट्यांच्या समाईक जागी, म्हणजे डॅशबोर्डच्या मागे आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला की दोन्ही काटे मिळून खोटं बोलतात.

या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे आणि तोच बहुतेकांना चकवतो. दिवा फक्त चढाला किंवा वळणावर लागतो, सपाटीला जातो, काटा मात्र जागचा हलत नाही. सेन्सर पातळीचा असेल तर हे विजेचं कोडं नव्हे. पातळी काठावर आलेली आहे; गाडी कलली की पाणी बाटलीच्या एका बाजूला जातं आणि काड्या उघड्या पडतात. वर्धनगडच्या घाटातला दिवा असा असेल तर तो खरंच बोलतो आहे: पाणी थोडं कमी आहे, आणि ते कुठे जातं हे शोधायला हवं.

थंड इंजिनावर पाण्याची तपासणी

तपास सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करावा. पहिली चूक इथेच होते: बाटलीत पाणी आहे म्हणजे इंजिनात आहे, असं धरलं जातं. ज्या गाड्यांत बाटली आणि रेडिएटर वेगळे असतात, तिथे गरम झालेलं जादा पाणी झाकणातून बाटलीत येतं आणि इंजिन निवलं की झाकणातल्याच दुसऱ्या लहान झडपेतून परत ओढलं जातं. ही झडप चिकटली किंवा मधल्या रबरी नळीला चीर गेली तर पाणी परत जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती येते. थंड गाडीचा वरचा होज पाइप चपटा दिसत असेल तर झडपेवर संशय घ्यावा. म्हणून रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर तेही उघडून पाहावं. पाणी गळ्यापर्यंत हवं.

पाणी कमी असेल तर वाटा मोजक्याच. होज पाइपांची टोकं, क्लिपा, वॉटर बॉडीच्या खालचं छिद्र, रेडिएटरच्या कडा, हिटर असेल तर त्याच्या नळ्या. गरम धातूवर पडलेला थेंब लगेच वाळतो, पण पाण्यात मिसळलेलं कूलंट मागे रंगीत किंवा पांढरट डाग सोडतं. जमीन कोरडी असूनही डाग सापडतो तो यामुळेच. बाहेर कुठेच डाग नसतील तर इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या हेड गॅस्केटकडे बघावं. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसणं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, ही त्याची लक्षणं. यांपैकी एकही नसताना केवळ दिवा लागतो म्हणून हेड उघडायला होकार देऊ नये.

पाणी पुरेसं असेल तर खरं तापमान दुसऱ्या साधनाने मोजावं. कारखान्यात वापरतात तो लांबून मोजणारा थर्मामीटर इंजिनाच्या थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) घरावर धरला की बऱ्यापैकी खरा आकडा मिळतो. कपाळाचा ताप मोजणारा थर्मामीटर इथे चालत नाही. त्याची मजल चाळिशीच्या थोडी पुढे संपते. डॅशबोर्डवरचं मीटर गरम दाखवतंय आणि धातू नव्वदीतच आहे, असं दोन-तीनदा दिसलं तर दिवा खोटा ठरवायला आधार मिळतो, आणि तेव्हाच वायरिंगकडे वळावं.

सेन्सर, वायर आणि मीटर

इथून पुढे साधा मल्टिमीटर पुरतो. गावातल्या कोणत्याही वायरमनकडे तो असतो. इग्निशन बंद करून एक वायर असलेल्या तापमान सेन्सरचा कपलर काढावा आणि चावी फिरवावी. काटा थंडवर गेला पाहिजे. मग त्या वायरचं टोक क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावं. काटा गरमकडे चढू लागला पाहिजे. चढताच टोक बाजूला घ्यावं. दोन्ही घडलं तर वायर आणि मीटर निर्दोष, दोष सेन्सरमध्ये. कपलर काढूनही काटा गरमवरच राहिला तर वायर कुठेतरी टेकली आहे किंवा मीटर बिघडलं आहे. ज्या गाडीचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, तिथे मात्र वायर टेकवण्याचा हा प्रयोग करू नये. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

दोन काड्यांच्या किंवा फुग्याच्या सेन्सरची कसोटीही सोपी आहे. कपलर काढून दिवा पाहावा, मग कपलरमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडून पुन्हा पाहावं. काही गाड्यांत दिवा जायला थोडे सेकंद लागतात, तेवढं थांबावं. या दोन स्थितींत दिवा बदलत असेल तर वायरिंग ठीक आहे. बदलत नसेल तर दोष सेन्सरपासून मीटरपर्यंतच्या वाटेवर आहे. कपलरमधला हिरवा गंज हा नेहमीचा गुन्हेगार. काढलेला तापमान सेन्सर पातेल्यात पाणी तापवून मल्टिमीटरवर तपासता येतो. पाणी तापेल तसा ओमचा आकडा सलग उतरत जायला हवा. मध्येच उडी मारली तर सेन्सर बाद.

खटाव-माणचं पाणी आणि सेन्सर

खटाव-माण तालुक्यांत, औंधच्या परिसरात, या सगळ्याला पाण्याच्या जातीची जोड मिळते. हा पर्जन्यछायेतला भाग. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर भिस्त. खडकातून झिरपलेल्या पाण्यात क्षार असतात आणि तापवल्यावर ते भांड्याला चिकटतात. बंबाच्या आत, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच बोअरचं पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो, म्हणून रेडिएटर भरलेला असूनही इंजिन तापतं. पातळीच्या काड्यांवर थर बसला की वीज अडते आणि भरल्या बाटलीवर दिवा लागतो. उलट, दोन काड्यांमध्ये साकळलेली घाण वीज वाहू देऊ लागली तर बाटली रिकामी होऊनही दिवा लागत नाही. न लागणारा दिवाही खोटा असू शकतो, हे विसरू नये.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग कूलंट कशाला?’ असा प्रश्न येतो. कूलंट गोठणं टाळतं हे खरं, पण आपल्याला त्याचा उपयोग दुसरा आहे. ते उकळबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज रोखतात. म्हणून नुसत्या पाण्यावर भागवण्यात बचत नाही. मात्र नुसतं कूलंटही भरू नये. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस, म्हणून डब्यावर सांगितलेलं प्रमाण, बहुधा निम्मं-निम्मं, पाळावं आणि पाणी डिस्टिल्ड घ्यावं. नुसतं डिस्टिल्ड पाणीही नको. ते वीज जेमतेम वाहू देतं, त्यामुळे काड्यांच्या सेन्सरला भरलेली बाटली रिकामी वाटू शकते. शिवाय कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच धुऊन टाकावं, मुलं आणि जनावरं त्याच्या वाटेला जाता कामा नयेत.

‘एवढी खटपट कशाला?’

पहिला आक्षेप असा की काटा मध्यावर आहे ना, मग दिव्याकडे कशाला बघायचं? पण तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतानाच खरं सांगतो. पाणी खाली जाऊन तो हवेत उघडा पडला तर इंजिन तापत असूनही काटा शांत राहू शकतो. म्हणजे पाणी पुरतं गेलं की काटाच सगळ्यांत आश्वस्त दिसतो. पातळीचा दिवा वेगळा ठेवण्याचं कारण हेच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: सेन्सर स्वस्त आहे, सरळ बदलून टाका. सेन्सरची चाचणी नापास झाली असेल तर जरूर बदलावा. पण न तपासता बदलला आणि दिवा योगायोगाने काही दिवस गेला, तर खरी गळती किंवा गंजलेली अर्थची पट्टी तशीच राहते आणि आपण निर्धास्त होतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही याच जातीचा. तो काढला की काटा खाली राहतो, पण इंजिन नीट तापतच नाही, इंधन जास्त जळतं आणि तापण्याचं मूळ कारण झाकलं जातं.

तिसरा सल्ला, वायर काढून टाकण्याचा, हिशोबातही टिकत नाही. दिवा खोटा निघाला तर रस्त्याकडेला अर्धा तास जातो. दिवा खरा असताना दुर्लक्ष केलं तर हेड जातं. बहुतेक गाड्यांचं हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. लोखंडी ब्लॉकवर घट्ट आवळलेलं हेड त्यामुळे वाकतं आणि गॅस्केट फुटतं. दहा वेळा खोटा ठरलेला दिवा अकराव्यांदा खरा निघाला, तरी आधीचे दहा अर्धे तास त्या एका दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडतात.

चौकट : थोडक्यात

• दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा. वाफ असेल किंवा पातळीचा दिवा असेल तर इंजिन बंद करा.
• गरम झाकण उघडू नका. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका.
• चढ, ऊन, ओझं यांवर लागतो तो दिवा बहुधा खरा. खड्डा, पाऊस, हेडलाइट यांवर लागतो तो बहुधा विजेचा.
• थंड गाडीत बाटली आणि रेडिएटर दोन्ही पाहा.
• क्रम पाळा: पाणी, झाकण, गळती, खरं तापमान; त्यानंतर कपलर, अर्थ, सेन्सर, मीटर.
• चावी फिरवल्यावर दिवा क्षणभर लागून जात असेल तर बल्ब ठीक आहे एवढंच कळतं. सेन्सर ठीक आहे असं नव्हे.

जुन्या व्हॅनमधून शाळेची मुलं जातात, भाजी बाजारात जाते, यात्रेची माणसं डोंगरावर जातात. त्या गाडीचा दिवा खोटा बोलत असेल तर तो दुरुस्त करून घ्या. बंद करू नका.